तेरवीनंतर आलेला क्लच

परवा तुमची तेरवी झाली आणि काल तुमचं पार्सल आलं.

दुपारी कुरिअरवाला दारात उभा. "प्रल्हादराव आहेत का?" म्हणाला. नाहीत म्हटलं. मग म्हणाला, त्यांच्या मोबाइलवर आत्ता एक नंबर आला असेल, तेवढा सांगा, त्याशिवाय देता येत नाही. तुमचा मोबाइल आहे कोनाड्यात. रोज चार्जिंगला लावते मी तो. कशाला, असं कोणी विचारलं नाही हे बरंच झालं, मला सांगता आलं नसतं. काल निदान त्याचा उपयोग झाला. नंबर वाचून दाखवला, तुमच्या नावापुढे माझी सही केली आणि खोका उचलायला वाकले तर कमरेतून कळ निघाली. एवढासा खोका आणि वजन पाट्या-वरवंट्याचं. शेवटी त्यानेच ओसरीत आणून ठेवला. "लोखंड मागवलं काय वो बाई?" म्हणाला.

लोखंडच की. क्लच मागवलात तुम्ही.

मला वाटलं होतं तेरवी झाली की जरा पाठ टेकायला मिळेल. इतके दिवस घरात माणूस मावत नव्हतं. सकाळपासून चहाचं आधण, सतरंजीवर बसलेल्या बायका, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत पहिल्यापासून. कधी दुखायला लागलं, कुठे दाखवलं, डॉक्टर काय म्हणाले. सांगून सांगून ती हकीकत मला दुसऱ्या कोणाची तरी वाटायला लागली होती. शेवटी एक वाक्य मी न चुकता जोडायचे. म्हणायचे, त्यांच्या मनाची तयारी झाली होती, शांतपणे गेले. बायका मान हलवायच्या. "नशीबवान माणूस वो," म्हणायच्या. खरं सांगू, त्या वाक्यावरच मी उभी होते. बाकी काही टेकायला नव्हतं.

आणि काल तो खोका उघडला. आत सिरॅमिकचा क्लच. सगळ्यात जड, सगळ्यात कडक, शर्यतवाल्यांचा. ज्याच्यावरून आपण अख्खा उन्हाळा भांडलो तोच.

किती चिडले म्हणून सांगू तुमच्यावर. धाकटे भाऊजी समोरच बसले होते, त्यांना वाटलं मला रडू आलं. ते म्हणाले, "वैनी, काऊन त्रास करून घेता? वापस पाठवून देऊ. अन् ते गाडीबी काढून टाकू आता. कोण चालवते तिले?" तुम्ही असतात तर भावाला ओसरीवरून उठवलं असतं.

आपल्या त्या गाडीवरून, निळीवरून, तुम्हाला आणि मला गावाने काय कमी हसून घेतलं? घरची शेती, शेडनेटमधल्या मिरची-टोमॅटोच्या बियाण्याचं काम, हात कायम मातीत, आणि माणसाला हौस कसली तर पळणाऱ्या गाडीची. पुण्याहून जुनी आणलीत. आपल्या धाड गावच्या रस्त्यावर एसटी आणि जीपगाड्या धावतात, तिथे ही जमिनीला पोट घासत चालायची. प्रत्येक खड्ड्याला तुमचा जीव खालीवर. त्यातच गाडीला लॅपटॉप जोडणारा कुठलासा माणूस गाठून तिच्या इंजिनची ताकद वाढवून घेतलीत. माझी सासू जिवंत होती तेव्हा. ती म्हणाली होती, "घोड्याले दारू पाजून आणली काय रे?" तुम्ही हसत हसत म्हणालात, हाव, पाजली थोडी.

मग गेल्या हिवाळ्यात बुलढाण्याच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये तुम्ही पाय दाबलात आणि इंजिन नुसतं किंचाळलं. समोरचा काटा भर्रकन वर, आणि गाडी आपली त्याच चालीने. पाठोपाठ वास. मी म्हटलं, कोणाचं तरी दूध करपलं वाटतं. तुम्ही गाडी कडेला घेतलीत. राग नव्हता तोंडावर, उलट खुशीच जास्त, आता नवं काही शोधायला मिळणार म्हणून. "क्लच सुटून राह्यला वं," म्हणालात. "ताकद वाढवली, पण तिले चाकापर्यंत नेणारा गडी तोच जुना. त्याच्यानं धरवत नाई आता."

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. लोक पोरीसाठी स्थळं पाहतात तसा तुम्ही क्लच पाहत होतात. पुण्याच्या त्या पार्टवाल्याचा फोन स्पीकरवर लावून ओसरीत येरझाऱ्या. माणूस गोड बोलायचा, पण त्याचं एक पक्कं होतं. तीन गोष्टी सांगितल्याशिवाय तो पुढे सरकायचा नाही. इंजिनची ताकद किती, गाडी कुठे चालते, आणि चालवणार कोण.

पहिल्याचं उत्तर तुम्ही छाती फुगवून दिलंत, थोडं वाढवूनच. दुसऱ्याला म्हणालात, घाट आहे, बजार आहे, वर्षातून एखाद्या वेळी मैदानावरची शर्यत. तिसऱ्याला म्हणालात, "मीच. दुसरं कोण चालवते इथं?" मी तिथेच मेथी निवडत बसले होते, आणि लायसन माझ्याकडेही आहे. ते "दुसरं कोण" मला चांगलंच टोचलं. तोंड उघडणार होते, तेवढ्यात तुमच्या डाव्या पायातली चप्पल निघून मागे पडली. तुम्हाला कळलंही नाही. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तसेच तुम्ही बोलत ओसरीच्या टोकापर्यंत गेलात. मी ती चप्पल उचलून तुमच्या वाटेत ठेवली आणि पुन्हा मेथीला बसले. टोचलेलं तिथेच राहिलं.

त्याने तीन तऱ्हा सांगितल्या होत्या. एक, कंपनी घालते तसा साधा. पेडल लोण्यासारखं, पण वाढवलेल्या ताकदीला पुन्हा सुटायची भीती. दुसरा मधला. प्लेट तशाच जातीची, फक्त दाबून धरणारी तबकडी जरा कडक, म्हणून पेडल थोडं जड. आणि तिसरा हा, टिक्क्या-टिक्क्यांचा, सिरॅमिकचा. तो सुटायचं नाव घेत नाही. पण त्याला हळू धरणं माहीत नाही. एक तर धरतो, नाही तर नाही. बाजारच्या गर्दीत गाडी बेडकासारख्या उड्या मारणार आणि पेडल दाबायला गड्याचा पाय पाहिजे.

पार्टवाला म्हणाला, तुमच्या गाडीला मधला बरोबर. ते तुम्हाला पटलं नाही. मलाही नाही. तुम्ही म्हणायचे, "धरणारा पायजे. अर्धवट काम मले जमत नाई." मी म्हणायचे, साधा घाला, नाही तर गाडी शोकेसमध्ये ठेवा. मधल्याची बाजू घेणारं घरात कोणीच नव्हतं.

आणि मग निघायचं लिंबू. नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवून ते फोडायची रीत सगळ्या जगाची. तुमची रीत उलटी. मला गाडी शिकवलीत ती घाटात. चढावर थांबायचं, तुम्ही उतरून मागच्या चाकाला अगदी चिकटून लिंबू ठेवणार, आणि मी असं सुटायचं की लिंबू फुटता कामा नये. गाडी बोटभर मागे आली की फचकन आवाज. क्लच कुठे धरतो ते पायाने ओळखायचं, कानाने ओळखायचं, मग हँडब्रेक सोडायचा. तुम्ही मागे रस्त्यावर उभे, हात कमरेवर. "काय घाई आहे वं? मायेरी चालली काय?" येणारे-जाणारे ट्रकवाले बघत जायचे, कोणाला वाटायचं उतारा टाकतात. पहिल्या दिवशी मी पिशवी रिकामी केली. त्या फुटक्या लिंबांचं घरी येऊन सरबत केलं, तुमच्या दाताखाली खडा आला, तरी तुम्ही पेला संपवलात आणि म्हणालात, "उद्या कमी सरबत पायजे."

पुढे माझ्याकडून लिंबू फुटेनासं झालं. तुमच्याकडून मात्र फुटायला लागलं, गेल्या वर्षापासून. मी फुटकं लिंबू पिशवीत टाकायचे. तुम्ही क्लचला शिव्या दिल्यात.

म्हणून मी साध्या क्लचसाठी हटून बसले होते. तोंडाने म्हणत होते की लिंबू वाचलं पाहिजे, बाजारात जाता आलं पाहिजे. तुम्ही तोंडाने म्हणत होतात की घाटात सुटता कामा नये. तुमच्या पायाचं नाव दोघांनीही काढलं नाही. माझा जीव चप्पल न धरणाऱ्या त्या डाव्या पायात, तुमचाही त्यातच. आणि आपण दोघं सुशिक्षित माणसं टिक्क्या आणि तबकड्यांवरून तावातावाने भांडत होतो. एकदा तर तुम्ही ताटावरून उठलात. पिठलं होतं, तेही गरम.

नंतर संभाजीनगरचं हॉस्पिटल. मणक्यातली गाठ. ऑपरेशन. ते सगळं मी इतक्यांदा सांगितलं आहे की तुम्हाला तरी नको. फक्त एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. व्यायाम शिकवणारी ती मुलगी सकाळी येऊन जायची, आणि ती गेली की तुम्ही मला पलंगाच्या पायथ्याशी बोलवायचे. "हात लाव." मी तुमच्या डाव्या तळव्याला माझा तळहात लावायचे. "दाबतो आता. सांग जोर किती आला." तुम्ही डोळे मिटून, दात आवळून दाबायचे. कपाळावर घाम यायचा. माझ्या तळहाताला पाखरू टेकल्यासारखं काहीतरी लागायचं, कधी तेवढंही नाही. मी कधी खोटं बोलले नाही. म्हणायचे, थोडाच आला. तुम्ही म्हणायचे, "उद्या येईन जोर." शेजारच्या पलंगावरची बाई एकदा मला म्हणाली, किती सेवा करता हो नवऱ्याची, पाय चेपता. मी हो म्हटलं. तिला कुठे सांगत बसू की मी क्लच झाले आहे.

मग एक दिवस तुम्ही हात लाव म्हणायचं बंद केलंत. निळीचं नाव बंद. भाऊजी आले तेव्हा म्हणालात, शेडनेटकडे तू पाहा. शेगावचा अंगारा कोणी आणला तो मुकाट्याने लावून घेतलात, एरवी लाख प्रश्न विचारले असते. त्यावरून मी ठरवलं की मनाची तयारी झाली. मला ते सोयीचं होतं. थकले होते मी. ज्या माणसाने लढणं सोडलं आहे त्याच्या उशाशी बसणं जरा सोपं असतं.

आता आठवतं. त्याच दिवसांत मी खाली औषधं आणायला गेले होते आणि वर आले तर तुम्ही मोबाइल घाईने उशाखाली सरकवलात. मला वाटलं आपल्या पोरीशी बोललात. तेव्हाच मागवलात ना? पाय पांघरुणाखाली निपचित, आणि सांगत असाल त्या माणसाला, हाव, मीच चालवणार, दुसरं कोण. माल बाहेरून यायला वेळ लागतो, त्यालाही तुम्ही हो म्हणाला असाल. वेळ आहे, म्हणाला असाल.

जायचं नव्हतं तुम्हाला. एवढी साधी गोष्ट, आणि मला ती कुरिअरवाल्याकडून कळावी? लोकांना मी सांगत होते शांतपणे गेले. शांत कुठले! तुम्ही तर बुलढाण्याच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये होतात. काल दिवसभर मला याचा इतका राग आला की जेवण गेलं नाही. आणि आज सकाळी भाकरी थापताना एकदम वाटलं, बरं झालं. गेलेला माणूस माझ्या ओळखीचाच होता. तो सगळं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेला कोणी परका मला उगाच चिकटला होता इतके दिवस. त्याच्यासाठी मला नीट रडूही येत नव्हतं. आज आलं. दोन भाकरी करपल्या.

अजून एक सांगायचं राहिलं. तुमचा नियम होता, कुठलाही नवा पार्ट माझ्या हाताचं कुंकू लागल्याशिवाय गाडीत बसायचा नाही. साधा पट्टा आणलात तरी "लाव वं" म्हणून पुढे धरायचे. काल खोका उघडला, चिडले, आणि चिडता चिडता सवयीने देवघरातला करंडा उघडून त्या तबकडीला बोट टेकवलं. टेकवल्यावर लक्षात आलं की जाऊबाई दारातून बघते आहे. मी बोट मागे घेतलं नाही.

आता रफिक मिस्त्रींचा फोन. तुम्ही दवाखान्यात जायच्या आधी गाडी बुलढाण्याला त्यांच्याकडे उतरवून ठेवली होती. गिअरबॉक्स खाली, पोत्याखाली झाकलेला. इतके महिने त्यांनी शब्द काढला नव्हता. आज म्हणाले, "भाभी, जल्दी नाही. पण सांगा तरी. प्लेट कोणती टाकू? का तसाच बंद करून ठेवू?" तसाच बंद करून ठेवणं सगळ्यात सोपं होतं. भाऊजींनी दुपारपर्यंत गिऱ्हाइकही आणलं असतं. मला इतकं थकायला झालं होतं की तोंडातून "ठेवा" येतच होतं. म्हटलं, तासाभरात सांगते.

आणि तुमच्या मोबाइलवरून पुण्याच्या माणसाला फोन लावला. त्याने तुमचं नाव पाहून "बोला बोला, साहेब" केलं. मग मला सांगावं लागलं. तो वाईट वाटल्याचं म्हणाला, आणि मग म्हणाला, प्लेट वापरली नसेल तर परत पाठवा, चालेल.

मी म्हटलं, वापरली नाही, कुंकू लागलं आहे फक्त.

तो म्हणाला, मग काय, पुसून पाठवा.

मी म्हटलं, तो राहू द्या. तो परत करायचा नाही. गाडीसाठी दुसरा द्या.

आता घरात भांडायला कोणी नाही. साधा मागवला असता तर मी जिंकले असते, आणि गाडीचं इंजिन पुन्हा नरम करून घ्यावं लागलं असतं. ते मला करायचं नव्हतं. ती दारू पाजलेलीच राहू दे. आणि हट्ट करायचा तर समोर माणूस लागतो. तो नसला की माणूस मुकाट्याने बरोबर तेच करतो, हे काही चांगलं लक्षण नाही. मी म्हटलं, मधला द्या.

त्याने त्याचे प्रश्न सुरू केले. इंजिनची ताकद? मी तुमचा आकडा सांगितला, तुम्ही वाढवलेल्यासकट. कुठे चालते? बाजार आणि घाट, म्हटलं. शर्यत नाही. मग तो म्हणाला, "आणि मॅडम, चालवणार कोण?"

"मी."

"पेडल थोडं जड लागेल तुम्हाला."

"लागू द्या," म्हटलं. "डावा पाय चांगला आहे माझा."

फोन ठेवून ओसरीच्या पायरीवर बसले. तळहाताला ते तुमचं पाखरू टेकल्यासारखं वाटलं, तुमच्या पायाचं. मग उठून रफिक मिस्त्रींना कळवलं की गिअरबॉक्स अजून काही दिवस झाकलेला राहू द्या, प्लेट येते आहे. सिरॅमिकचा खोका तुमच्या पलंगाखाली सरकवून ठेवला आहे. एकटीला उचलवला नाही, पायाने ढकलत नेला. डाव्या.

आज आपला बाजार. तेरवी होऊन दोन दिवस नाही झाले आणि ही पिशवी घेऊन निघाली, असं चार जणी म्हणाल्या असतील. म्हणू देत. भाजीच्या रांगेत आपली ती नेहमीची लिंबंवाली बसली होती. मला पाहून तिने आधी पदर डोळ्याला लावला. मग मी पिशवी पुढे केली आणि भर म्हटलं, तेव्हा बघत राहिली.

"एवढाले लिंबं कशाले वो बाई? लोणचं घालता काय?"

"नाई," म्हटलं. "घाटात जायचं हाये. पयले काही फुटतीन."